खान्देशात जुन्या गाड्या हेरायच्या कशा? नव्यानं नाद लागलेल्यांसाठी

जुन्या मोटारी बघायच्या तर मुंबई-पुण्याची रॅली गाठावी लागते, असा आपल्याकडे समज आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत राहणाऱ्याला त्याची गरज नाही. जिनिंगच्या आवारात, केळीच्या बागेला लागून असलेल्या शेडमध्ये, गावातल्या वाड्यामागच्या खळ्यात, हायवेवरच्या गॅरेजमागे अशा गाड्या आजही उभ्या आहेत. काही तर रोज चालतात. आपण शेजारून मोटारसायकल काढतो आणि निघून जातो, कारण नेमकं काय बघायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. मला ते गॅरेजमधल्या मेस्त्रींजवळ उभं राहून, हळूहळू कळत गेलं. तुम्हाला तेवढा वेळ लागू नये म्हणून क्रमानं लिहितो.

या गाड्या आपल्याकडे टिकल्या त्यात हवेचा वाटा मोठा आहे. कोकणात आणि मुंबईत खारी, दमट हवा पत्रा खाऊन टाकते. दाराच्या खालच्या कडा आणि चाकांवरचे मडगार्ड आधी जातात. खान्देशात हवा कोरडी, त्यामुळे वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचाही पत्रा बऱ्याचदा शाबूत सापडतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, त्याचा फटका मात्र रबराला बसतो. काचांची बीडिंग चिरते, डॅशबोर्डला भेगा जातात, सीटचा फोम हातात भुगा होऊन येतो. म्हणून इथली जुनी गाडी बाहेरून धडधाकट आणि आतून उसवलेली, अशी भेटते. तेवढ्यावरून तिला भंगार समजू नका.

१. आधी चार घराणी पाठ करा

सगळ्या गाड्या एकदम शिकायच्या नादी लागू नका. आपल्या रस्त्यांवर जे दिसतं त्यातलं बरंचसं चार घराण्यांतलं असतं: अँबेसेडर, फियाट, स्टँडर्ड आणि जीप. ही चार डोळ्यांत बसली की वेगळी गाडी आपोआप नजरेत भरते.

अँबेसेडर: कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्थान मोटर्सनं ती १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून बनवली, ती २०१४ मध्ये थांबली. मूळ आराखडा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेचा. इतकी वर्षं आकार जवळपास तोच राहिल्यानं लोकांना सगळ्या अँबेसेडर सारख्याच वाटतात. जाळीकडे बघा. मार्क २ ला बारीक चौकड्यांची जाळी आहे, मार्क ३ ला आडव्या पट्ट्या आणि गोल इंडिकेटर, तर मार्क ४ ला पुन्हा चौकड्या, पण चौकोनी पार्किंग दिव्यांसोबत. मार्क २ ची सुरुवात १९६३ ची, मार्क ३ ची १९७५ ची. सर्वात पहिल्या गाडीच्या बॉनेटवर लांबट खोलगट खळगे आहेत. ते दिसले तर थांबाच. तिच्याही आधीची लँडमास्टर दिसली, तर तो दिवस लिहून ठेवावा. ती १९५४ ते १९५८ च्या दरम्यानची. तिचा मागचा भाग गोलसर उतरतो, अँबेसेडरच्या मागच्या मडगार्डला असते तशी टोकदार वर आलेली कड तिला नाही.

फियाट: मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्सनं फियाट ११०० बांधायला सुरुवात केली ती १९५४ मध्ये. तेव्हापासून १९६४ पर्यंतच्या गोल नाकाच्या गाड्यांना आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणतात. यातल्या सुरुवातीच्या गाड्या ओळखायची खात्रीची खूण दरवाजात आहे. पुढचा दरवाजा उलटा उघडतो. बिजागरी मधल्या खांबावर आणि उघडायची मूठ पुढच्या बाजूला. म्हणजे पुढच्या आणि मागच्या दोन्ही दरवाजांच्या बिजागऱ्या एकाच खांबावर येतात. गाडी ताडपत्रीखाली असली तरी बाजूनं कापड थोडं वर केलं की मूठ कुठे आहे एवढ्यावरून कळतं. (कापड मालकानंच वर करायचं, त्याबद्दल पुढे.) १९६४ मध्ये चौकोनी आकाराची ११०० डिलाइट आली. तीच गाडी १९७० च्या दशकात आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली आणि २००० च्या आसपास बंद पडली. इंजिन पहिल्यापासून १०८९ सीसीचं. गिअर हँडललाच, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावर. पद्मिनीत खाली, दोन सीटच्या मध्ये गिअर दिसला, तर ती अगदी शेवटच्या वर्षांतली, डिझेलची किंवा कुणीतरी बदल केलेली.

स्टँडर्ड: मद्रासच्या कंपनीची गाडी, आपल्याकडे आता फारच थोड्या उरल्या. हेराल्ड सर्वात जास्त ओळखीची. इटालियन कलाकार मिकेलोत्तीनं काढलेला तिचा आकार आजही देखणा वाटतो. तिचं बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं, अख्खं इंजिन आणि पुढची चाकं उघडी पडतात. मेस्त्रींना ही गाडी त्यासाठी आवडायची. पहिल्या हेराल्डला दोनच दरवाजे, नंतर चार आले, आणि १९७० च्या दशकात तिच्याच अंगावर गॅझेल निघाली. हेराल्ड मागून बघितली की मागची चाकं वरून किंवा खालून किंचित कलंडलेली दिसतात. तो बिघाड नाही, तिच्या मागच्या आडव्या स्प्रिंगपाट्याची आणि सुट्या ॲक्सलची रचनाच तशी आहे.

जीप: यात सर्वात जास्त फसायला होतं, म्हणून सावकाश वाचा. दुसऱ्या महायुद्धातली विलीज किंवा फोर्डची लष्करी जीप म्हणजे पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी, मागे उघडणारी फळी नाही आणि जादा चाक मागच्या पत्र्यावर. युद्धानंतरच्या नागरी जीपला सात फटी, मागे खाली पडणारी फळी आणि जादा चाक बाजूच्या अंगाला. महिंद्रानं पुढे वर्षानुवर्षं बनवलेल्या सीजे-३बी चं बॉनेट उंच आहे, कारण खालचं इंजिनच उंच. लांबूनही ते कपाळासारखं वर आलेलं दिसतं. सावदा-फैजपूर-रावेर पट्ट्यात केळीच्या शेतावर आणि धडगाव-मोलगीकडच्या सातपुड्याच्या घाटात जुन्या महिंद्रा अजून राबतात.

या चौघांबाहेरची काही नावं फक्त माहीत असू द्या. लांबलचक कॉन्टेसा (१९८४ पासून, व्हॉक्सहॉलच्या साच्यावरची), प्रीमियरची ११८ एनई (फियाट १२४ चं अंग आणि निसानचं इंजिन), १९८० च्या दशकात जेमतेम काही वर्षं निघालेली स्टँडर्ड २०००, बेंगळुरूच्या सिपानीची फायबरच्या अंगाची डॉल्फिन. आणि एक गाडी जिला अजून कुणी जुनी मानत नाही, ती म्हणजे पहिल्या आकाराची मारुती ८००. डिसेंबर १९८३ ला ती आली आणि १९८६ मध्ये तिचा आकार बदलला. त्या मधल्या तीनेक वर्षांतली, खोक्यासारख्या ठेवणीची मारुती आज अँबेसेडरपेक्षा दुर्मीळ आहे. लोक ती बिनदिक्कत भंगारात देतात. दिसली तर मालकाला ती काय आहे हे जरूर सांगा.

अमेरिकन गाड्यांची गोष्ट वेगळी. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेव्हरोले जोडत होती. फोर्डही जोडत असे. १९५३ मध्ये सरकारनं ठरवलं की नुसती जोडणी करणाऱ्यांना इथं जागा नाही, भाग इथंच बनवायला हवेत. मग दोघींनी गाशा गुंडाळला. प्रीमियर मात्र डॉज आणि प्लिमथ काढत राहिली, हिंदुस्थान मोटर्सनं स्टुडबेकर जोडल्या. म्हणून जुन्या व्यापारी घराण्याच्या वाड्यात, एखाद्या गढीच्या आवारात मोठी, रुंद गाडी झाकलेली दिसली तर ती बहुधा यांपैकी असते.

२. पाटी वाचा, पण पाटीवर विसंबू नका

१ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि एमएच-१९ सारखे क्रमांक आले. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असत. पहिलं अक्षर एम असलेली पाटी बहुतेक महाराष्ट्राची, जी असलेली गुजरातची. सुरतेचा रस्ता आपल्या दारातून जात असल्यानं जी च्या पाट्या नवापूर-नंदुरबारकडे भेटतात.

रंगही बोलतो. पूर्वी खासगी गाडीला काळी पाटी आणि पांढरी अक्षरं, तर भाड्याच्या गाडीला पांढरी पाटी आणि काळी अक्षरं होती. नंतर खासगीला पांढरी आणि भाड्याला पिवळी झाली. म्हणजे काळ्या पाटीवर हातानं रंगवलेली तीन अक्षरं दिसली, तर ती गाडी आणि ती पाटी बहुधा पहिल्यापासून एकत्र आहेत. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाल्यानं रंगवलेल्या पाट्या झपाट्यानं उतरत आहेत. पाटीचा फोटो आधी घ्या, बाकी सगळं नंतर.

आता सापळा. क्रमांक नवा म्हणजे गाडी नवी असं नाही. गाडी दुसऱ्या राज्यातून आली की तिला इथला नवा क्रमांक मिळतो. उदाहरण घ्या: नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. म्हणून एमएच-३९ ची डुक्कर फियाट दिसली तर तिची ती पाटी १९९८ नंतरची एवढंच कळतं, गाडी तीस-चाळीस वर्षांनी मोठी आहे. तसंच एमएच-१८ ची जुनी गाडी शहाद्यात दिसली तर ती धुळ्याची असेलच असं नाही, तेव्हा शहादाही धुळे जिल्ह्यातच होता.

एमपरिवहन ॲपवर क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख दिसते. तीन अक्षरी क्रमांक मात्र बऱ्याचदा सापडत नाहीत, कारण जुन्या रजिस्टरमधल्या सगळ्या नोंदी संगणकावर चढलेल्या नाहीत. ॲपमध्ये नाही म्हणजे गाडी चोरीची, असा निष्कर्ष मालकासमोर काढू नका.

आणखी एक पाटी लक्षात ठेवा. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जास्त वय झालेली, मोठी फेरफार न झालेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्ही आणि ए ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला नसते, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशाच कामांना रस्त्यावर आणायची परवानगी असते. म्हणून ही पाटी रोजच्या रहदारीत दिसणार नाही, कार्यक्रमातच दिसेल.

३. चेहऱ्यावर जाऊ नका

या साऱ्या लेखातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच. गाडीचा पुढचा भाग सर्वात आधी बदलला जातो. ठोकर बसली, जाळी मिळाली नाही, मेस्त्रीनं हाताशी होती ती बसवली. मार्क २ ला मार्क ४ ची जाळी, पेट्रोलच्या अँबेसेडरमध्ये डिझेल इंजिन, फियाटला दुसऱ्याच गाडीचे दिवे, हे सर्रास दिसतं. मघाशी जाळीवरून ओळख सांगितली ती लांबून अंदाज बांधण्यापुरती. खात्री करायची तर जे बदलायला महाग आणि अवघड ते बघा: दरवाजांच्या बिजागऱ्या, छताची उतरण, मागच्या काचेचा आकार, मडगार्डाची कड, डॅशबोर्डाचा साचा. आणि बॉनेट उघडलं असेल तर इंजिनमागच्या पत्र्यावर ठोकलेली कंपनीची छोटी पाटी. तिच्यावर कारखान्याचं नाव आणि चेसिसचा क्रमांक असतो. त्यावर रंगाचे चार हात बसलेले असतात. ओल्या फडक्यानं पुसून, टॉर्च तिरपा धरला की उठावाची अक्षरं सावलीनं वर येतात. सरळ उजेडात ती दिसत नाहीत.

नेहमी भेटणारे फसवे प्रकार सांगतो.

लग्नातली 'विंटेज' गाडी. लांब बॉनेट, बाहेर आलेले मोठे दिवे, पायरी, उघडं छत. यातल्या पुष्कळ गाड्या जीप, अँबेसेडर किंवा मारुतीच्या सांगाड्यावर नवं फायबरचं किंवा पत्र्याचं अंग चढवून केलेल्या असतात. चाकं बघा, अंगाच्या मानानं लहान आणि आजच्या मापाची निघतात. स्टिअरिंग, मीटर, पेडल आधुनिक असतात. वऱ्हाडासाठी ती छानच आहे, तुमच्या वहीत मात्र ती जुन्या गाडीच्या पानावर जाणार नाही.

लष्करी रंगातली जीप. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या डबवालीत जीपची नवी अंगं बांधण्याचा मोठा धंदा आहे आणि त्या जीप देशभर जातात. पुढे नऊ फटींची जाळीही लावून मिळते. मागे फळी आहे का, इंजिन डिझेलचं आहे का, हे बघितलं की उलगडा होतो. महायुद्धातली जीप पेट्रोलचीच होती. जोंगा मात्र खरीखुरी लष्करी. जबलपूरच्या कारखान्यात निसान पॅट्रोलच्या आराखड्यावर बनलेली, सहा सिलिंडरचं जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन असलेली ही गाडी लिलावातून बाहेर आली. तिला पुष्कळांनी नंतर डिझेल इंजिन बसवलं, कारण पेट्रोल पाजणं परवडेना.

आणि 'इंग्रजांच्या काळातली गाडी' हे शब्द. गावात कुठल्याही अँबेसेडरबद्दल हे ऐकायला मिळेल. अँबेसेडर स्वातंत्र्यानंतर दहा वर्षांनी आली, त्यामुळे ते शक्य नाही. पण वाद घालू नका. "आजोबांनी घेतली तेव्हा तुम्ही कितवीत होता?" असं विचारा. यातून वर्ष निघतं, आणि ते बऱ्यापैकी बरोबर निघतं.

४. कुठे आणि कधी फिरायचं

वर्षातला सर्वात चांगला दिवस म्हणजे दसरा, आणि त्याच्या आदला खंडेनवमीचा. त्या दोन दिवसांत चालती-बंद सगळी वाहनं धुतली जातात, झेंडूच्या माळा चढतात, बंद गाडीही ढकलून अंगणात आणली जाते. सकाळी लवकर निघून जुन्या पेठांतून आणि जिनिंगच्या रस्त्यांनी चक्कर मारा. पूजा करणारा मालक त्या दिवशी खुशीत असतो आणि स्वतःहून बोलतो. त्यानंतर आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. लेकी माहेरी आलेल्या, घरं भरलेली, बाहेरगावी गेलेले मुलगेही घरी. 'बाबांची गाडी चालू करून बघू' हा बेत अशा वेळीच होतो. सारंगखेड्याच्या यात्रेत सगळ्यांचं लक्ष घोड्यांकडे असतं. तुम्ही गाड्या लावायच्या मैदानातही एक फेरी मारा, लांबलांबचे लोक आपापल्या वाहनांनी येतात.

एरवीसाठी माझी पसंती गॅरेजला. जळगावात अजिंठा चौफुलीच्या आसपास, धुळ्यात आग्रा रोड आणि पारोळा रोडला, भुसावळात जामनेर रोडकडे. नव्या चकचकीत सर्व्हिस सेंटरला काही मिळत नाही. ज्या मेस्त्रीच्या शेडमध्ये कार्बोरेटर सुटा करून रॉकेलच्या डब्यात बुडवलेला दिसेल, तिथं थांबा. त्या माणसाला पंचक्रोशीतली प्रत्येक जुनी गाडी माहीत असते, कारण तिचा आवाज बिघडला की ती त्याच्याकडेच येते. चहा सांगा, बाकावर बसा, घाई करू नका. डेंटिंगवाले, जुन्या सीट शिवणारे आणि बॅटरीवालेही असेच माहीतगार.

छोट्या गावांपैकी अमळनेर, धरणगाव, चोपडा, दोंडाईचा, शहादा या बाजारपेठांच्या गावांत जुन्या व्यापारी गल्ल्या पायी फिरा. मोटारसायकलवरून बंद दाराच्या फटीतलं काही दिसत नाही. ट्रक-टेम्पोही सोडू नका. टाटांचा मर्सिडीज-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा होता, त्या काळातल्या ट्रकच्या नाकावर तीन टोकांचा तारा आहे. पुढे तिथं टी आला. तीन चाकी हॅन्सीट टेम्पो आणि मॅटाडोर हे आपल्या बाजारसमित्यांचे जुने सोबती, तेही संपत आले.

वैशाखात दुपारी फिरू नका. ऊन तुम्हाला बाधेलच, शिवाय तेव्हा लोक दारं लावून झोपलेले असतात.

नजर तयार करायला एकदा अहमदाबादजवळच्या कठवाड्याचं ऑटो वर्ल्ड संग्रहालय बघून या. भुसावळ-जळगावहून सुरतमार्गे रेल्वेनं जाता येतं. परदेशी जुन्या गाड्या एका जागी, नावासकट बघितल्या की वाड्यातली झाकलेली गाडी ओळखणं सोपं जातं.

५. मालकाशी बोलताना

राम राम घाला. वडीलधारे असतील तर आबा, नाना, तात्या, बापू, गावात जे चालतं ते. बरोबरीचे असतील तर भाऊ. अहिराणी येत असेल तर बोलाच, "गाडी भलती भारी शे, नाना" एवढ्यानंही दार उघडतं. पूर्वेकडे लेवा घरांत त्यांची बोली, ती येत नसेल तर साधी मराठी पुरते.

किंमत विचारू नका. 'देणार का' हेही नाही. जुन्या गाडीच्या दारात येणारा अनोळखी माणूस बहुतेक वेळा भंगारवाला किंवा दलाल असतो, आणि तुमचा पहिला प्रश्न पैशांचा असला की तुम्ही त्यांच्यातले ठरता. शिवाय अशा गाडीवर भावाभावांचा हक्क असतो. विकण्याचा विषय निघाला की घरातलं जुनं भांडण तुमच्यासमोर उघडं पडतं.

विचारायचं ते हे: कुणी घेतली, कुठून आणली, पहिल्यांदा कुठे नेली, गाडी कोण चालवायचं, शेवटची कधी चालू केली. मुंबईहून नवी गाडी चालवत आणली असेल तर कसारा घाटात पाणी किती वेळा भरलं, हेही लोकांना आठवतं. ऐकून घ्या. गाडीला हात लावू नका, दार स्वतः उघडू नका, बॉनेट मालक उघडतील तेव्हाच बघा. फोटो घ्यायचा तर विचारा. बायकामुलं, घराचं दार, तिजोरीची खोली फोटोत येत नाही ना ते पाहा. ऑर्डनन्स फॅक्टरी, लष्करी आवार यांच्या आसपास कॅमेरा काढायचाच नाही, गाडी कितीही दुर्मीळ असो.

फोटो लोकांत पाठवताना पाटी झाका आणि गावाचं नाव टाळा, 'पूर्व खान्देश' एवढं पुरे. बंद गाडीचे दिवे, हबकॅप, बोधचिन्ह चोरीला जातात, आणि पत्ता बाहेर फुटला की दलालांची रांग लागते. मालकानं विश्वासानं दाखवलेली गोष्ट त्याच्यावरच शेकू देऊ नका.

६. वही आणि हत्यारं

सोबत फार काही लागत नाही:

- बांधलेली वही आणि पेन्सिल (उन्हात फोन तापून बंद पडतो, वही पडत नाही)
- फोन, छोटा टॉर्च, मऊ फडकं
- कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक. पत्रा आहे, फायबर आहे की पुट्टीचा थर, हे चिकटण्यावरून कळतं. मालकाला विचारून, हलक्या हातानं लावायचं
- पाणी आणि डोक्याला उपरणं

प्रत्येक गाडीला एक पान द्या. वर तारीख आणि गाव. मग पाटीची अक्षरं आणि रंग, दरवाजे किती आणि कसे उघडतात, जाळी, मागचे दिवे, गिअर कुठे आहे, मूळचं काय आणि बदललेलं काय. खाली मालकानं सांगितलेलं, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. स्वतःचा अंदाज वेगळ्या रंगानं लिहा, म्हणजे वर्षभरानं तो खात्रीच्या गोष्टीत मिसळणार नाही. फोटो पाच कोनांतून: समोर, मागे, दोन्ही बाजू, आणि पुढच्या कोपऱ्यातून तिरपा.

जुनं आरसी बुक दाखवलं तर तो खजिना समजा. कापडी पुठ्ठ्याची ती छोटी पुस्तिका, पानापानावर बदललेल्या मालकांची नावं, शिक्के, कराच्या नोंदी. गाडी कुठून कुठे फिरली ते त्यात ओळीनं असतं. नुसतं वाचा, नावांचा फोटो घेऊ नका. उत्पादनाचं वर्ष आणि पहिल्या नोंदणीचं वर्ष वेगळं असू शकतं, दोन्ही टिपा.

७. घ्यायचा विचार झालाच तर

हेरणं आणि घेणं हे वेगळे नाद आहेत, तरी वर्षा-दोन वर्षांत हा प्रश्न येतोच, म्हणून थोडक्यात कागदांचं सांगतो.

आपल्याकडे अशी गाडी बहुतेक वेळा वारलेल्या आजोबांच्या नावावर असते. ती थेट तुमच्या नावावर होत नाही. आधी वारसांच्या नावावर, त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. मग विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून किंवा राज्यातून आणायची असेल तर फॉर्म २८ ची ना हरकत. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, त्यापुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करावं लागतं. ते वर्षानुवर्षं राहिलेलं असेल तर दंड साचलेला असतो, तो कुणी भरायचा हे व्यवहाराआधी ठरवा.

पैसे देण्याआधी चेसिस क्रमांकाचा छाप घ्या. क्रमांकावर पातळ कागद चिकटवून त्यावर पेन्सिल आडवी घासायची, आकडे उमटतात. तो छाप आणि आरसीवरचा क्रमांक एकेक आकडा जुळवा. एकही आकडा वेगळा निघाला तर गाडी कितीही आवडली असली तरी तिथंच थांबा, आणि आधी आरटीओत मूळ रजिस्टरची नोंद बघून घ्या.